उतरंड, वंशावळ आणि पाठ केलेला क्विकसॉर्ट

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, एवढं आमच्या सगळ्या नातेवाईकांना माहीत आहे. कॉम्प्युटरच्या मुलांना शिकवते, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. पण "नक्की काय शिकवतेस?" असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. "डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स" असं सांगितलं की समोरचा माणूस आदरानं मान डोलावतो आणि दोन मिनिटांनी विचारतो, "आमचा प्रिंटर दोन दिवस रुसलाय, जरा बघतेस का?" :)

तेव्हा एकदा सविस्तर लिहूनच टाकावं असं ठरवलंय. विषय काय आहे, तो सध्या कसा शिकवला जातो, आणि तो तसा शिकवला जाऊ नये असं मला इतक्या तळमळीनं का वाटतं, हे सगळं. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी विषय. तुमच्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हाताशी असतो, पापड-कुरडयांचे डबे वरच्या फळीवर असतात आणि चकलीचा सोऱ्या माळ्यावर. हे कुणी पुस्तकातून शिकलेलं नसतं. जे दिवसातून दहा वेळा लागतं ते हात लांबवला की मिळालं पाहिजे. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी शिडी लावावी लागली तरी चालतं. कुठली वस्तू कुठे आणि कशी ठेवायची याची जी रीत, ती डेटा स्ट्रक्चर. ठेवलेलं शोधायची, लावायची, काढायची जी पायरीपायरीची नेमकी कृती, तो अल्गोरिदम. कॉम्प्युटरच्या पोटात डब्यांऐवजी आकडे, नावं, फोटो आणि बँकेचे व्यवहार असतात, एवढाच काय तो फरक.

गावाकडच्या घरातली मडक्यांची उतरंड आठवते? खाली मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. तळातल्या मडक्यात ठेवलेलं काही हवं असेल तर वरची सगळी उतरवायला लागतात. शेवटी ठेवलेलं सगळ्यात आधी निघतं. आम्ही याला स्टॅक म्हणतो. टाइप करताना तुम्ही 'अनडू' करता आणि शेवटचं केलेलं आधी पुसलं जातं, तिथे आत हीच उतरंड असते. एसटीच्या तिकीटखिडकीपुढची रांग म्हणजे क्यू. (रांग मोडून थेट खिडकीशी जाणारे पुढारी हे प्रायॉरिटी क्यूचं उदाहरण. ह. घ्या.)

आता या ठेवण्या-शोधण्यानं फरक तो किती पडणार, असं वाटेल. समजा एक कोटी नावांची यादी आहे. कशीही लिहिलेली असेल तर एक नाव शोधायला वाईटात वाईट एक कोटी नावं वाचावी लागतील. तीच यादी वर्णक्रमाने लावलेली असेल तर मधोमध उघडायची, हवं ते नाव आधी येतं की नंतर ते बघायचं, नको ती अर्धी टाकून द्यायची, उरलेल्या अर्धीत पुन्हा मधोमध. मोल्सवर्थच्या शब्दकोशात आपण शब्द शोधतो तसंच. असं केलं तर जास्तीत जास्त २४ वेळा बघावं लागतं. एक कोटी आणि चोवीस! तीच गोष्ट यादी लावण्याची. एक लाख नावं बबल सॉर्टनं लावायची म्हटली तर जवळजवळ ५०० कोटी तुलना होतात. मर्ज सॉर्टनं लावली तर १६ लाखांच्या आत काम होतं. मशीन तेच, वीज तीच, यादी तीच. फरक फक्त विचाराचा.

इतका सुंदर विषय. त्याचं आपण काय केलंय ते आता सांगते.

दुसऱ्या वर्षाची मुलं हा विषय मुख्यतः दोन ठिकाणी भेटतात. पहिलं ठिकाण म्हणजे जर्नल. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना सबमिशनचा आठवडा वेगळा समजावून सांगायला नको. व्हरांड्यात रांगेनं बसून मुलं गेल्या वर्षीच्या फाइलवरून राइट-अप उतरवत असतात. एम, थिअरी, अल्गोरिदम, प्रोग्रॅम, कन्क्लूजन. कन्क्लूजन ठरलेलं: अशा प्रकारे आम्ही लिंक्ड लिस्टचा अभ्यास केला. तो मात्र झालेला नसतो. दुसरं ठिकाण म्हणजे प्लेसमेंटची तयारी. तिथे लीटकोडसारख्या साइटवरचे दोनशे-तीनशे प्रश्न सोडवायचे, म्हणजे खरं तर त्यांची उत्तरं बघून साचे पाठ करायचे, आणि मुलाखतीत त्यातलाच एखादा येऊ दे म्हणून गणपतीला हात जोडायचे.

दोन्हीकडे मुलं कष्ट करतात. आळशीपणाचा आरोप मी त्यांच्यावर कधीच करणार नाही, रात्ररात्र जागतात बिचारी. पण दोन्हीकडे पाठांतराचेच कष्ट आहेत. याची परीक्षा घ्यायची असेल तर ओरलला एक साधा संवाद पुरतो.

"क्विकसॉर्टला किती वेळ लागतो?"

"एन लॉग एन, मॅडम."

"का?"

शांतता.

"बरं, यादी आधीपासूनच क्रमानं लावलेली असेल आणि दर वेळी पहिलाच आकडा पिव्हट म्हणून घेतला तर?"

पुन्हा शांतता. मग हळूच, "मॅडम, सॉर्टेड असेल तर पटकन होईल ना?"

नाही होत. तिथेच तर तो सगळ्यात हळू चालतो, कारण दर वेळी यादीचे दोन सारखे भाग न पडता एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं, अशी विभागणी होते. हे कळायला पाठांतर लागत नाही, दहा चिठ्ठ्या आणि पाच मिनिटं लागतात. पण त्या दहा चिठ्ठ्या त्या मुलाच्या हातात कुणी दिलेल्याच नसतात.

गंमत म्हणजे आम्हा शिकवणाऱ्यांना हे सगळं हातानं येतं. परीक्षेच्या सत्तर उत्तरपत्रिका नंबरवारी लावायच्या असतात तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीही बबल सॉर्ट करत बसत नाही. १ ते १०, ११ ते २०, असे टेबलावर ढीग पाडायचे, एकेक ढीग लावायचा आणि एकावर एक ठेवून द्यायचे. पाच मिनिटांत गठ्ठा तयार. मग वर्गात जाऊन फळ्यावर बबल सॉर्टचा प्रोग्रॅम लिहून द्यायचा. :(

क्विकसॉर्टचा विषय निघालाच आहे तर त्याच्या जन्माची गोष्ट सांगायलाच हवी. टोनी होअर नावाचा कोलंबोत जन्मलेला एक इंग्रज तरुण १९५९-६० च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात शिकायला गेला होता. रशियनमधून इंग्रजीत यंत्रानं भाषांतर करता येईल का, यावर तो विचार करत होता. शब्दकोश होता चुंबकीय टेपवर, वर्णक्रमाने. वाक्यातला एकेक शब्द शोधण्यासाठी टेप पुढे-मागे फिरवत बसण्यापेक्षा वाक्यातले शब्दच आधी वर्णक्रमाने लावले तर टेपच्या एका फेरीत काम होईल. म्हणून त्याला शब्द लावायची रीत हवी होती. पहिल्यांदा सुचली ती साधारण आपल्या बबल सॉर्टसारखी. ती फार हळू चालणार हे त्यानं ओळखलं, आणि मग दुसरी सुचली ती क्विकसॉर्ट.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. कल्पना सुचली, पण ती समजावून सांगणं त्याला फार जड गेलं. १९६१ च्या ईस्टरच्या सुमारास ब्रायटनला अल्गोल ६० या भाषेचा एक अभ्यासवर्ग झाला. शिकवायला कोण, तर पीटर नाउर, डायक्स्ट्रा आणि पीटर लँडिन. तिथे होअरला रिकर्शन म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. कृतीनं स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची सोय त्या भाषेत होती. आणि इतके दिवस जी गोष्ट सांगता येत नव्हती ती थोडक्या ओळींत मांडून झाली. १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यानं स्वतःच हे सांगितलंय.

विचार डोक्यात होता, पण योग्य भाषा मिळेपर्यंत तो बाहेर येत नव्हता. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट मगाच्याच अर्ध्या-अर्ध्या शोधाची, म्हणजे बायनरी सर्चची. दिसायला किती सोपी कृती! पण तिचा पहिला उल्लेख १९४६ मधला, आणि कितीही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारी कृती छापून यायला साठचं दशक उजाडावं लागलं. जॉन बेंटली यांनी १९८६ च्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या पुस्तकात लिहून ठेवलंय, की मुरलेल्या प्रोग्रॅमरांना दोन तास देऊन त्यांनी हीच कृती लिहायला सांगितली, तर दहातल्या नऊ जणांच्या लिखाणात चुका निघाल्या. मग बेंटलींनी ती नीट सिद्धता देऊन लिहून दाखवली. जावा भाषेतली बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी त्यावरूनच लिहिली. आणि २००६ च्या जूनमध्ये त्याच ब्लॉक यांना जाहीर करावं लागलं, की त्यातही चूक आहे! सुमारे नऊ वर्षं ती जावात नांदत होती.

चूक काय, तर मधला नंबर काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून दोननं भागायचं. शाळेतली सरासरी. पण ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या वर आकडा मावत नाही. यादी सुमारे १०७ कोटींच्या पुढे गेली की बेरीज त्याबाहेर जाऊ शकते, आकडा उलटून ऋण होतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. बेंटलींच्या काळात एवढ्या मोठ्या याद्या कुणाच्या मशीनमध्ये मावतच नव्हत्या, म्हणून कुणाला दिसलं नाही. उपाय एका ओळीचा: दोन टोकांतलं अंतर काढा, त्याचं अर्धं करा आणि ते खालच्या टोकात मिळवा.

ही गोष्ट मी दरवर्षी सांगते, आणि एवढ्याचसाठी सांगते, की 'चालतंय' आणि 'बरोबर आहे' यांत केवढी दरी असते ते मुलांना दिसावं. माझ्या मते या विषयाचा गाभा तीन प्रश्नांत मावतो. हे नेहमी चालेल का? याला किती खर्च येईल? आणि कशावरून? लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ, हॅशिंग ही सगळी या तीन प्रश्नांची सवय लागावी म्हणून घेतलेली उदाहरणं आहेत.

आणि आता तर ही सवय नसलेल्याची गत फार कठीण होणार आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारी जर्नल्स अतिशय देखणी झाली आहेत. :) प्रोग्रॅम चालतात, कॉमेंट्स व्यवस्थित, इंग्रजी निर्दोष. सहकारी विचारतात, "यंत्र दोन सेकंदांत लिंक्ड लिस्ट लिहून देतं, मग मुलांकडून ती कशाला लिहून घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. मला त्यातून नेमका उलटा निष्कर्ष निघताना दिसतो. लिहिणं फुकट झालं की पारखणं महाग होतं. सोनं विकणारे रस्तोरस्ती बसले तर कसोटीचा दगड बाळगणाऱ्याला मान येणार. यंत्रानं दिलेलं 'चालतंय' की 'बरोबर आहे' हे कोण ठरवणार? ज्यानं दहा चिठ्ठ्या हातात घेऊन क्विकसॉर्ट मोडून पाहिलाय तो. ज्यानं फक्त उतरवलंय त्याच्याकडे यंत्रापेक्षा जास्त काहीच नाही, आणि त्याच्या वडिलांनी तर शेत गहाण ठेवून फी भरलेली असते.

इथे मला भाषेबद्दल बोलायचंय.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं तरी मराठी शाळांतून आलेली असतात. काही डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येतात. वर्ग इंग्रजीत चालतो, निदान चालतो असं म्हणायची पद्धत आहे. ही मुलं मागच्या बाकांवर बसतात, सगळं उतरवून घेतात आणि वर्षभर एक प्रश्न विचारत नाहीत. त्यांना विषय जड जातो, असा सोयीस्कर निष्कर्ष आपण काढतो.

मी बऱ्याच वर्षांपासून हा विषय मराठीत समजावते. शब्द इंग्रजीच ठेवते. स्टॅकला स्टॅक, पॉइंटरला पॉइंटर. परिभाषेची मला चीड नाही, पण 'विदा संरचना' म्हटल्यावर मुलं हसतात आणि पाच मिनिटं हातची जातात. शब्द कुठलाही चालतो. पण शब्दांच्या मधला जो विचार असतो, समजा असं झालं तर, म्हणून, नाहीतर, कशावरून, तो ज्या भाषेत आपण आईशी भांडतो त्याच भाषेत व्हायला हवा. आणि आपली भाषा या कामाला अगदी तयार आहे. जर-तर आहे, नाहीतर आहे, जोपर्यंत-तोपर्यंत आहे. इफ आणि व्हाइल लूप समजावताना मला वेगळं काही करावंच लागत नाही.

ट्री शिकवताना तर चैनच आहे. वंशावळ काढायची. इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की झाडावरचा रस्ता पुसून जातो. मराठीत 'मामा' म्हटलं की आईकडे एक पायरी वर, मग तिचा भाऊ, असा रस्ता नावातच लिहिलेला असतो. 'आत्या' म्हणजे वडिलांकडे वर आणि मग त्यांची बहीण. 'चुलतआत्या' म्हटलं की आणखी एक पायरी वर जाऊन शेजारच्या फांदीवर उतरायचं. नातं म्हणजे झाडावरचा मार्ग, हे आपल्या पोरांना चौथीपासून येत असतं! पुढे कुलवृत्तांत घ्यायचा. थोरल्या मुलाची शाखा पार खालपर्यंत लिहून संपवायची, मग मागे येऊन धाकट्याची घ्यायची, ही झाली डेप्थ फर्स्ट. आधी एक पिढी पूर्ण, मग पुढची पिढी, ही झाली ब्रेड्थ फर्स्ट. (आमच्या काकांनी घराण्याची वंशावळ लिहायला घेतली होती तेव्हा या दोन पद्धतींवरून घरात केवढा वाद झाला होता, ते वाचकांपैकी काहींना चांगलंच आठवत असेल.)

फिबोनाची आकडे शिकवताना दहावीचं मराठी व्याकरण उपयोगी पडतं. लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? शेवटचं अक्षर लघु असेल तर आधी तीन मात्रा, गुरू असेल तर आधी दोन. म्हणजे तीनचं उत्तर अधिक दोनचं उत्तर. तीन अधिक दोन, पाच. छंदशास्त्राच्या अभ्यासातून विरहांकानं आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्रानं हे मांडून ठेवलंय, फिबोनाचीच्या आधी. रिकर्शन म्हणजे काय हे इतक्या सहज मला दुसऱ्या कुठल्याच वाटेनं शिकवता आलेलं नाही. आणि मग लगेच विचारायचं: हेच जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये लिहिलं तर चाळिसावा आकडा काढायला फंक्शन किती वेळा बोलावलं जाईल? अंदाज येतात, चाळीस, ऐंशी, हजार. उत्तर ३३ कोटींहून जास्त! कारण तेच तेच गणित पुन्हा पुन्हा होत राहतं. काढलेली उत्तरं वहीत लिहून ठेवली तर चाळीसएक बेरजांत काम होतं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग नावाच्या बागुलबुवाची पहिली ओळख अशी झाली की त्याची भीती उरत नाही.

तीन वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. मराठी शाळा, मग डिप्लोमा, मग थेट दुसरं वर्ष. पाच आठवड्यांत एकदाही तिचा आवाज ऐकला नव्हता. बायनरी सर्च मराठीत चालली होती, फळ्यावर वर्गाचीच हजेरी लिहिली होती, आडनावांच्या क्रमानं. तिनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, आपल्या वर्गात पाटील चौदा आहेत. मग यातला नेमका कुठला पाटील सापडणार?"

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला. कारण हा त्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. पुस्तकातली कृती चौदांपैकी कुठलाही पाटील देते. पहिला हवा असेल, शेवटचा हवा असेल किंवा एकूण किती आहेत ते हवं असेल तर कृती बदलावी लागते, आणि ती बदलताना भलेभले घसरतात. पुढची चाळीस मिनिटं आम्ही फक्त पाटलांवर घालवली. ठरलेला भाग मागे पडला. मला त्याचं दुःख नाही. तो प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगितला असता तर तिनं तो विचारलाच नसता, आणि ती 'वीक स्टुडंट' म्हणून बाहेर पडली असती. होअरला अल्गोल मिळेपर्यंत सांगता येत नव्हतं. या मुलीला मराठी मिळेपर्यंत येत नव्हतं. मला यात फारसा फरक दिसत नाही.

यावर नेहमीचे आक्षेप आहेत, ते टाळून चालणार नाही.

पहिला, मुलाखती इंग्रजीत होतात. होतात. पण कळलेली गोष्ट इंग्रजीत सांगायला शिकणं हे काही महिन्यांच्या सरावाचं काम आहे. न कळलेली गोष्ट सफाईदार इंग्रजीत सांगणारा दुसऱ्या 'का?'ला आडवा होतो. दुसऱ्या सत्रात मी मुलांना तेच सगळं इंग्रजीत सांगायला लावतेच.

दुसरा, वर्गात मराठी न येणारी मुलं असतात. असतात, आठ-दहा. त्यांच्यासाठी मी तेच हिंदी-इंग्रजीत पुन्हा सांगते. वेळ जातो हे खरं. पण एकच गोष्ट दोनदा, वेगवेगळ्या उदाहरणांनी सांगितली जाते, याचा फायदा दोन्ही बाजूंना होताना दिसतो. अख्खी पदवीच मराठीतून द्यावी का, हा प्रश्न वेगळा. २०२१ मध्ये तशी सोय सुरू झाली, देशातल्या १४ कॉलेजांत मराठीसह पाच भाषांत. त्याचं भलं होवो. मला मात्र प्रत्येक वर्गात पदवीच्या भाषेइतकीच समजावण्याची भाषा महत्त्वाची वाटते.

तिसरा आणि सगळ्यात खरा आक्षेप म्हणजे वेळ. सिलॅबस पुरा करायचा असतो, प्रॅक्टिकलांची यादी संपवायची असते. यावर माझं म्हणणं, यादी छोटी करा. डझनभर उतरवलेल्या प्रोग्रॅमांपेक्षा पाच मोडून पाहिलेले बरे.

मला विचारलं तर मी चार गोष्टी करीन. पहिले चार आठवडे लॅबमध्ये कॉम्प्युटर बंद. पत्त्यांचे कॅट, चिठ्ठ्या आणि कागद. हातानं लावा, शोधा, मोजा. मग मशीन. दुसरं, कुठलाही प्रोग्रॅम चालवण्याआधी अंदाज लिहायचा, किती वेळ लागेल, का लागेल. अंदाज चुकला तर मार्क जाणार नाहीत, लिहिलाच नाही तर जातील. तिसरं, जर्नलच्या प्रत्येक प्रयोगात एक पान स्वतःच्या हातानं, हव्या त्या भाषेत: 'हा प्रोग्रॅम कुठे मोडेल?' रिकामी यादी, एकच आकडा, सगळे सारखे आकडे, चौदा पाटील. प्रोग्रॅम यंत्राकडून घेतला असला तरी माझी हरकत नाही, हे पान मात्र ज्याचं त्यानं लिहायचं आणि त्यावर माझ्याशी बोलायचं. चौथं, ओरलला बरोबर प्रोग्रॅम विचारायचाच नाही. चुकलेला द्यायचा आणि चूक शोधायला सांगायची. यातलं दुसरं आणि तिसरं मी माझ्या बॅचला करते. पहिलं आणि चौथं माझ्या एकटीच्या हातात नाही.

आणखी एक. ही मुलं ज्या बाकावर बसली आहेत तिथे त्यांना एका अल्गोरिदमनं बसवलंय. सीईटीच्या मेरिट यादीतला क्रम आणि ऑप्शन फॉर्ममधल्या पसंत्या घेऊन एक कृती चालली आणि कुणाला पुणं मिळालं, कुणाला नांदेड. उद्या कर्ज मिळणार की नाही, अर्ज पुढे जाणार की नाही, हेही अशाच कृती ठरवणार. तेव्हा 'नेहमी चालेल का, खर्च किती, कशावरून' हे विचारणारी माणसं समाजात हवीत, आणि ती सगळी शहरातल्या इंग्रजी शाळांतूनच यावीत असं व्हायला नको. चौदा पाटलांचा प्रश्न ज्यांच्या गावात चौदा पाटील असतात त्यांनाच आधी सुचतो.

असो. फारच लांबलं. तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांनी एकदा त्या दहा चिठ्ठ्या वर्गात नेऊन बघाव्यात. जे शिकवत नाहीत, पण ज्यांच्या घरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं पोर आहे, त्यांनी आज रात्री जेवताना त्याला इतकंच विचारावं: "क्विकसॉर्ट कसा चालतो ते मला मराठीत सांग बघू." सांगता आलं तर निश्चिंत राहा. नाही आलं तर रागावू नका, पत्त्यांचा कॅट काढा आणि त्याच्याबरोबर बसा.